डेटा जवळजवळ क्रमात आहे, मग सॉर्ट कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सुमारे २०० गाड्यांवर जीपीएस यंत्रं बसवलेली आहेत. गाड्या दिवसाला साधारण सात तास धावतात, तेव्हा प्रत्येक गाडीकडून दर १० सेकंदांनी एक नोंद सर्व्हरकडे येते, म्हणजे दिवसाला साधारण ५ लाख नोंदी. बहुतेक नोंदी वेळेच्या क्रमानेच येतात, काही उशिरा पोचतात. रात्री सगळ्या नोंदी वेळेनुसार लावायच्या असतात. सध्या त्यासाठी कुणीतरी हाताने लिहिलेलं क्विकसॉर्ट (एक घटक निवडून बाकीच्यांची लहान-मोठी अशी वाटणी करत जाणारी पद्धत) आहे आणि ते अधूनमधून अडकतं. कॉलेजात शिकवलं होतं की डेटा जवळजवळ सॉर्टेड असेल तर इन्सर्शन सॉर्ट (प्रत्येक घटक मागे सरकवत योग्य जागी बसवणारी पद्धत) उत्तम. तर ते लिहावं का?

नका लिहू. तुमच्या भाषेच्या लायब्ररीतलं स्टेबल सॉर्ट (सारख्या वेळेच्या नोंदींचा आपसातला क्रम न मोडणारं) वापरा, तुमच्या कामाला ते पुरून उरेल. पण नुसतं एवढं सांगून तुमचं समाधान होणार नाही, आणि इन्सर्शन सॉर्टबद्दल जे शिकवलं ते चूकही नाही. ते अर्धवट आहे. डेटा किती बिघडलाय यापेक्षा तो कोणत्या तऱ्हेने बिघडलाय, हे आधी बघावं लागतं.

आधी तुमचं क्विकसॉर्ट का अडकतं ते सांगतो. कोड न बघता पैज लावायला तयार आहे की त्यात पहिलाच घटक पिव्हट, म्हणजे वाटणीचं माप, म्हणून घेतलाय. डेटा आधीच क्रमात असेल तर पहिला घटक सगळ्यात लहान, त्यामुळे वाटणी अशी होते की एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला उरलेले सगळे. ५ लाख नोंदी पूर्ण क्रमात असतील तर तुलना होतात सुमारे १२,५०० कोटी, आणि रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) ५ लाख पायऱ्या खोल जातं. बहुतेक ठिकाणी त्याआधीच स्टॅक, म्हणजे त्यासाठी राखलेली मेमरी, संपतो. नोंदी थोड्या विस्कटलेल्या असतील तर हा आकडा बराच खाली येतो. म्हणजे ज्या दिवशी नेटवर्क चांगलं, त्याच दिवशी तुमचा प्रोग्राम झोपतो! मधला घटक पिव्हट घेतला तर हाच क्रमातला डेटा क्विकसॉर्टसाठी सर्वात सोयीचा होतो. आज रात्रीपुरता इलाज हवा असेल तर ती एक ओळ बदला. त्यापुढचं सावकाश करा.

आता इन्सर्शन सॉर्ट. त्याचा खर्च मोजायचं माप आहे इन्व्हर्जन, म्हणजे उलट्या जोड्या: अशी कोणतीही जोडी जिच्यात मोठा घटक आधी आणि लहान नंतर आहे. इन्सर्शन सॉर्ट प्रत्येक उलटी जोडी एकेक करून सोडवतं, त्यामुळे त्याला लागणारी सरकवासरकव बरोबर इन्व्हर्जनच्या संख्येइतकी असते. वर दर घटकामागे एखादी तुलना धरा. इन्व्हर्जन थोडे असतील तर यापेक्षा चांगलं काही सापडणं कठीण.

दोन छोट्या यादी घेऊन बघू. पहिली: ११, १०, १३, १२, १५, १४, १७, १६. दुसरी: १०, ११, १२, १३, ५, ६, ७, १४, १५.

पहिलीत शेजारी शेजारी अदलाबदल झालीय. डावीकडून वाचत गेलं तर चार ठिकाणी आकडा खाली पडतो. इन्व्हर्जनही चारच. कुणीही आपल्या जागेपासून एका घरापेक्षा लांब नाही. दुसरीत आकडा एकाच ठिकाणी पडतो, १३ नंतर ५. नजरेला ही यादी पहिलीपेक्षा नीटनेटकी वाटते, पण ५, ६, ७ या प्रत्येकाला १०, ११, १२, १३ ओलांडून मागे जायचंय, म्हणून इन्व्हर्जन १२. हा तुकडा तीनाऐवजी तीनशेचा केलात आणि त्याच्या आधी हजारो नोंदी ठेवल्यात, की इन्सर्शन सॉर्ट कोलमडतं. टोकाचं उदाहरण म्हणजे १ लाख घटकांची क्रमातली यादी मधोमध कापून दोन भागांची अदलाबदल केली. बिघाड एकच, इन्व्हर्जन २५० कोटी. कोणतंही साधं मर्ज सॉर्ट (क्रमातले तुकडे जोडत जाणारं) तीच यादी १७ लाखांच्या आत तुलना करून लावून देईल.

तुमच्या गाड्यांकडे या नजरेने बघा. तिथे दोन वेगळे बिघाड एकत्र झालेत.

एक म्हणजे रोजची बारीक गडबड. सेकंदाला २० नोंदी येतात, त्यातली एखादी नेटवर्कमध्ये दोन सेकंद रेंगाळली तर फार तर ४० जागा मागे पडते. ही पहिल्या यादीसारखी अवस्था आहे. एवढंच असतं तर इन्सर्शन सॉर्टवर मी खुशाल सही केली असती.

दुसरा बिघाड घाटातला. गाडी ताम्हिणीत उतरली की रेंज जाते. यंत्र नोंदी स्वतःच्या मेमरीत साठवून ठेवतं आणि रेंज आली की सगळा गठ्ठा एकदम पाठवतं. तासभर रेंज नव्हती असं धरा, म्हणजे ३६० नोंदी. तेवढ्या वेळात बाकीच्या गाड्यांच्या सुमारे ७२,००० नोंदी सर्व्हरवर येऊन बसल्या. गठ्ठ्यातली सर्वात जुनी नोंद ७२,००० जागा मागे जाणार, सर्वात नवी जागच्या जागी राहणार, सरासरी ३६,०००. एका गठ्ठ्याला सुमारे १ कोटी ३० लाख सरकवण्या. दिवसात अशा २० गाड्या असतील तर २६ कोटी. आणि ५ लाख नोंदी कुठल्याही बऱ्या एन लॉग एन पद्धतीने (एन म्हणजे घटकांची संख्या, लॉग म्हणजे ती साधारण किती वेळा निम्मी करता येते) अगदी विस्कटलेल्या अवस्थेतून लावायला लागतात साधारण ९५ लाख तुलना. पुस्तकातला नियम इथे मोडला, कारण पुस्तकाने गृहीत धरलेला बिघाड पहिल्या तऱ्हेचा होता.

गंमत अशी की घाटातला गठ्ठा आतून पूर्णपणे क्रमात असतो. इन्व्हर्जन एकेक करून सोडवणाऱ्या पद्धतीला याचा काही उपयोग नाही. क्रमातले सलग तुकडे, ज्यांना रन म्हणतात, ते ओळखणाऱ्या पद्धतीला मात्र हे आयतंच मिळतं.

तीच टिमसॉर्ट. टिम पीटर्स यांनी ती २००२ मध्ये पायथनसाठी लिहिली. २०११ मध्ये आलेल्या जावा ७ ने ऑब्जेक्टच्या सॉर्टिंगसाठी तीच घेतली, क्रोमच्या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्ही८ इंजिनात ती २०१८ मध्ये आली. तिची चाल अशी: डावीकडून वाचत सलग चढता तुकडा किती लांब जातो ते बघायचं. तुकडा काटेकोर उतरता असेल तर जागच्या जागी उलटा करायचा. फार आखूड निघाला तर बायनरी इन्सर्शनने तो किमान लांबीपर्यंत वाढवायचा, मूळ रचनेत ही लांबी ३२ ते ६४ च्या दरम्यान असते. मग शेजारचे तुकडे मर्ज करत जायचं.

तुमच्या डेटाला खरा फायदा मर्जच्या आधीच्या एका पायरीत होतो. डावा तुकडा अ आणि उजवा ब असेल, तर टिमसॉर्ट आधी शोधतं की ब चा पहिला घटक अ मध्ये कुठे बसेल आणि अ चा शेवटचा घटक ब मध्ये कुठे बसेल. या दोन खुणांच्या बाहेरचं सगळं आधीच जागेवर आहे, त्याला हात लावायची गरज नाही. बारीक गडबड ४० जागांची असेल तर सुरुवातीच्या आखूड तुकड्यांत खरंखुरं काम होतं, पण १०-१० हजारांचे दोन तुकडे जोडताना सीमेवरचे काही डझन घटक सोडले तर उरलेलं जवळजवळ फुकट मिळतं. घाटातला गठ्ठा मध्ये आला तर त्याचा मर्ज थोडा लांब चालतो, तरी खर्च तुकड्यांच्या लांबीच्या प्रमाणातच राहतो, लांबीच्या गुणाकाराने वाढत नाही. आणि यादी मुळातच क्रमात असली तर एन वजा एक तुलनांत काम संपतं.

हे स्वतः लिहायचा मोह होतो, मला कळतं. पण २०१५ मध्ये संशोधकांनी टिमसॉर्टची औपचारिक पडताळणी करायला घेतली, तेव्हा मर्ज स्टॅकबद्दल (जोडायचे बाकी असलेल्या तुकड्यांची थप्पी) गृहीत धरलेली अट काही परिस्थितींत मोडते असं निघालं, आणि मुद्दाम रचलेल्या मोठ्या अॅरेवर जावाचं सॉर्ट अपवाद फेकून बंद पडतं हेही दाखवून दिलं. जगभर वापरात असलेल्या कोडमध्ये ही चूक वर्षानुवर्षं कुणाला दिसली नव्हती. पुढे पायथनने ३.११ पासून मर्जचा क्रम ठरवायला पॉवरसॉर्ट नावाचं धोरण घेतलं, ज्यात तुकड्यांच्या लांबीनुसार कोणते दोन आधी जोडायचे याचा हिशेब जास्त पक्का आहे. वापरणाऱ्याला एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

भाषेगणिक थोडं सावध राहा. सी++ मधलं नेहमीचं सॉर्ट हे बहुधा इंट्रोसॉर्ट असतं: क्विकसॉर्टने सुरुवात, रिकर्शन फार खोल गेलं तर हीपसॉर्टवर उडी. ते अडकणार नाही, पण डेटा क्रमात असल्याचा टिमसॉर्टसारखा लाभही घेणार नाही. तिथे स्टेबल सॉर्ट घ्या. गो मध्ये १.१९ पासून पीडीक्यूसॉर्ट, म्हणजे क्विकसॉर्टचा सुधारलेला प्रकार, आहे, ते आधीच लागलेला क्रम ओळखतं, पण स्टेबल नाही. जावास्क्रिप्टमध्ये तुलनेचं फंक्शन दिलं नाहीत तर आकडे अक्षरांसारखे लावले जातात. हल्लीचे सगळे सेकंदांतले टाइमस्टँप (१९७० पासून मोजलेले सेकंद) १० अंकी असल्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. २०१९ मध्ये ती अशी उघडी पडू शकत होती: एखाद्या जुन्या जीपीएस यंत्राचा आठवड्यांचा मोजणी-आकडा उलटला (जीपीएसची मोजणी १,०२४ आठवड्यांनंतर शून्यावर येते, ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तशी आली होती), यंत्र १९९९ ची तारीख पाठवू लागलं, की तो टाइमस्टँप ९ अंकी निघायचा आणि १९९९ ची नोंद यादीत सगळ्यांच्या शेवटी जाऊन बसायची.

अशा भरकटलेल्या नोंदी वेगळ्या प्रकारच्या पद्धतीला जास्त महागात पडतात. 'प्रत्येक घटक आपल्या जागेपासून फार तर के घरं लांब' अशी खात्री असेल तर के अधिक एक आकाराचा मिन-हीप (सर्वात लहान घटक कायम वर ठेवणारी रचना) ठेवायचा, नवा घटक आत टाकायचा, सर्वात लहान बाहेर काढायचा. मुलाखतीत हे हमखास विचारतात आणि उत्तर सुंदरच आहे: खर्च एन लॉग के, मेमरी फक्त के पुरती, आणि डेटा वाहता असतानाच निकाल मिळत जातो, रात्रीची वाट बघायला नको. के दोन अंकी असेल तर साध्या इन्सर्शन सॉर्टला हा हीप हरवेलच असं नाही, के शेकड्यांत गेला की हीपच घ्या. धोका एवढाच की ती खात्री खोटी ठरली तर हीप हळू होत नाही, चुकीचं उत्तर देतो आणि तेही गुपचूप. इन्सर्शन सॉर्ट चुकीच्या डेटावर रडतखडत का होईना, बरोबर उत्तरापाशी पोचतं. म्हणून हीप वापरणार असाल तर बाहेर पडलेली शेवटची वेळ लक्षात ठेवा. नवी बाहेर पडणारी तिच्याहून लहान असेल तर ती नोंद वेगळ्या फाइलमध्ये टाका आणि लॉगमध्ये लिहा. घाटातल्या गठ्ठ्यांसाठी के ७२,००० ठेवणं हा उपाय नव्हे.

तुम्हाला सॉर्टच करायची गरज नाही, हेही इथेच सांगून टाकतो. एका गाडीच्या नोंदी तिच्यापुरत्या क्रमात असतात, घाट असो वा नसो. सर्व्हरवर आल्या आल्या गाडीनुसार वेगळ्या रांगांत टाका. रात्री २०० रांगा आहेत, प्रत्येकीत सुमारे अडीच हजार नोंदी. प्रत्येक रांगेचं तोंड एका हीपमध्ये ठेवा, सर्वात लहान काढा, त्याच रांगेतली पुढची नोंद आत टाका. हीपची उंची ८ पातळ्या, म्हणजे दर नोंदीमागे तेवढंच काम, आणि उशिरा आलेल्या गठ्ठ्यांचा प्रश्नच उरत नाही, कारण उशीर हा गाड्यांच्या एकमेकांतल्या तुलनेचा होता. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. एवढा बदल करायचा नसेल तर २०० रांगा एकापुढे एक जोडून टिमसॉर्टला द्या. त्याला २०० लांबलचक रन दिसतील आणि ते स्वतःच जवळजवळ हेच करेल.

डेटा डेटाबेसमध्ये जातच असेल तर वेळेच्या रकान्यावर इंडेक्स असला की क्रम तिथूनच मिळतो. आधी गाडी, मग वेळ असा क्रम हवा असेल आणि गाडीनुसार इंडेक्स असेल तर पोस्टग्रेस १३ पासून फक्त प्रत्येक गाडीच्या आतल्या नोंदी लावतं, सगळ्या पुन्हा लावत बसत नाही.

वेळेऐवजी नावं असती तर चित्र कसं बदलतं, याचं एक मराठी उदाहरण. युनिकोड क्रमांकाने (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला आकडा) लावलेली नावांची यादी शाळेतल्या वर्णमालेच्या क्रमाने, म्हणजे ह नंतर ळ, क्ष, ज्ञ अशी लावायची आहे. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, म्हणून काळे हे कावळे, काशीकर, कासार यांच्या आधी दिसतात. वर्णमालेप्रमाणे ते या सगळ्यांच्या नंतर हवेत. हा जवळचा प्रवास आहे. क्षीरसागरांचं तसं नाही. युनिकोडच्या दृष्टीने ते क चं जोडाक्षर, म्हणून खरे यांच्या आधी बसतात, आणि त्यांना जायचंय यादीच्या पार शेवटाकडे. १ लाख नावांत अशी ५० नावं आणि त्यांच्यानंतर ८०,००० नावं असतील तर तेवढ्यानेच ४० लाख इन्व्हर्जन झाले. हलणारी नावं जेमतेम ५०, तरी इन्सर्शन सॉर्टला घाम फुटतो.

इथे आणखी एक माप उपयोगी पडतं: किमान किती घटक बाहेर काढले की उरलेली यादी क्रमात येते? ते थोडे असतील तर ते काढा, त्यांनाच वेगळं लावा आणि पुन्हा मर्ज करा. गुणतालिकेत मोजक्या लोकांचे गुण बदलले, तेव्हाही हाच मार्ग. नावांच्या बाबतीत तुलनाही महाग असते, कारण प्रत्येक वेळी जोडाक्षरं उलगडावी लागतात. त्यामुळे प्रत्येक नावाची सॉर्ट-की, म्हणजे तुलनेसाठी उलगडलेलं रूप, एकदाच काढून ठेवा आणि मग सॉर्ट करा. पद्धत बदलून जेवढा वेळ वाचतो त्यापेक्षा यातून अनेकदा जास्त वाचतो.

लागलेल्या यादीच्या शेवटी थोडी नवी भर पडते, हा प्रकार सर्वात सामान्य आणि सर्वात सोपा. ५ लाखांच्या पुढे २०० नव्या आल्या, तर २०० च लावा आणि मागच्या टोकाकडून मर्ज करत या, म्हणजे वेगळी मोठी जागा लागत नाही. पायथनमध्ये शेवटी जोडून सरळ सॉर्ट म्हणा. एकेक नोंद बायनरी सर्चने शोधून मध्ये घुसवणं दोनचार नोंदींपुरतं ठीक, शेकडो असतील तर दर वेळी अर्धी यादी सरकते.

बायनरी सर्चवरून आठवलं. 'इन्सर्शन सॉर्टमध्ये बायनरी सर्च घाला, तुलना कमी होतील' हा सल्ला जवळजवळ क्रमातल्या डेटाला उलटा लागू पडतो. उजवीकडून बघत गेलं तर क्रमातल्या घटकाला एका तुलनेत सुटका मिळते. बायनरी सर्च मात्र दर वेळी सगळ्या पायऱ्या मोजतं. ५ लाखांना सुमारे १९. सरकवणं तेवढंच राहतं ते वेगळंच.

बबल सॉर्टला 'अदलाबदल झाली का' असा फ्लॅग लावून ते या कामासाठी सुचवणारेही भेटतात. एक लहान घटक शेवटी राहिला की दर फेरीत तो एकच घर मागे येतो, आणि फेऱ्या होतात यादीच्या लांबीइतक्या. वर सांगितलेली १९९९ ची एक भरकटलेली नोंद तेवढ्याला पुरेशी आहे. सिलेक्शन सॉर्ट डेटा कसाही असो, तेवढ्याच तुलना करतं. हीपसॉर्टला आधीच्या क्रमाचा म्हणण्यासारखा फायदा नाही. यंत्रातल्याच छोट्या चिपवर दोनशे-तीनशे नोंदी लावायच्या असतील, वेगळी मेमरी नसेल, तर तिथे इन्सर्शन सॉर्टच योग्य.

निर्णय घेण्याआधी एका दिवसाची खरी फाइल घ्या, घाटातल्या गाड्या असतील अशी, आणि तीन आकडे काढा: किती ठिकाणी वेळ मागे पडते, सॉर्टनंतर सर्वात जास्त जागा कोण हललं, आणि एकूण इन्व्हर्जन किती. इन्व्हर्जन हाताने मोजू नका, मर्ज सॉर्ट करता करता ते एन लॉग एन मध्ये मोजता येतात. चाचणीसाठी क्रमातल्या आकड्यांत थोडी रँडम अदलाबदल करून बनवलेला डेटा वापरू नका. त्यात गठ्ठे नसतात, त्यामुळे तो इन्सर्शन सॉर्टची भलामण करेल किंवा सगळ्यांना सारखंच ठरवेल.

आणि स्टेबलचा आग्रह का, तर तुमच्या वेळा सेकंदांत आहेत आणि सेकंदाला २० नोंदी येतात. सारख्या वेळेच्या नोंदींचा आपसातला क्रम स्टेबल सॉर्ट आलेला तसाच ठेवतं, क्विकसॉर्ट ठेवत नाही. दोनशे रांगांच्या मर्जमध्ये हा क्रम आपोआप सांभाळला जात नाही, म्हणून तिथे तुलनेची की फक्त वेळ ठेवू नका: वेळ, मग गाडीचा क्रमांक, मग यंत्राने स्वतः दिलेला नोंदीचा अनुक्रमांक. यंत्र अनुक्रमांक पाठवत नसेल तर रांगेत टाकताना तुम्हीच द्या.